सहा, काही नाही

१

वर्षातून एकदा, पक्षी अंडी घालतात त्या दिवसांत, राखीव किनाऱ्यावर घरटी मोजायला माणसं जातात. त्याला मोठी विद्या लागत नाही. पायात जाड बूट लागतात, गळ्यात आवाज लागतो आणि डोकं ठिकाणावर असावं लागतं. समुद्रालगत दोनेक मैल माळ आहे. त्यावर डोक्याइतकी उंच, काटेरी, पिवळ्या फुलांची झुडपं माजलेली आहेत. मधूनमधून वाळूच्या मोकळ्या जागा आहेत, आणि असल्या उघड्या जागी अंडी घालून निवांत बसणारे बिनडोक पक्षी.

मोजणीला पाच माणसं. एकमेकांपासून तीस तीस पावलांवर ओळीनं उभं राहायचं, पांढरी चिंधी बांधलेली उंच काठी हातात धरायची आणि नाकासमोर चालत सुटायचं. शेजारचा दिसत नाही, फक्त त्याची चिंधी झुडपांवरून पुढे सरकताना दिसते. म्हणून दर शंभर पावलांवर राखणदार शिट्टी फुंकतो. सगळे थांबतात आणि जमिनीकडच्या टोकापासून समुद्राकडच्या टोकापर्यंत आकडे जातात. "एक, दोन घरटी!" "दोन, काही नाही!" असं करत पाचाचा आवाज आला की दुसरी शिट्टी, की पुन्हा चाल.

एखादा आकडा आला नाही, तर सगळ्यांनी त्याला शोधायला जायचं. हा नियम. वीस वर्षांत तो दोनदा वापरावा लागला होता. एकदा पोस्टमनचा पाय मुरगळला म्हणून आणि एकदा नर्सबाई, कुणाला न सांगता, झुडपाआड बसल्या होत्या म्हणून.

थोरली ही वीसही वर्षं येत होती. शिवणकामावर तिनं स्वतःचं घर उभं केलं होतं, आणि जीभ तिच्या कात्रीसारखीच, जवळ यायलाही माणसं भ्यायची. तिच्या दुकानात मापं द्यायला उभी राहिलेली बाई पोट आत ओढायला धजत नसे, कारण थोरली टेप तशीच धरून म्हणायची, "सोड श्वास. मला वेळ आहे."

या वर्षी तिनं धाकट्या बहिणीला बरोबर आणलं होतं.

धाकटीचा नवरा जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत ती दिवसाला चार शब्द बोलायची, तेही "हो", "नको", "असू दे". एका दुपारी मात्र दार सताड उघडं टाकून निघाली आणि पुलाच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघताना सापडली. सापडली ती थोरलीलाच. थोरलीनं काय करावं? पळत जाऊन, भर रस्त्यात, दहा माणसांसमोर, फाडकन तिच्या मुस्कटात मारली. "लाज नाही वाटत?" म्हणाली. घरी आणली, जेवायला घातलं, झोपवलं. त्या चपराकीबद्दल मग दोघींपैकी एकही बोलली नाही.

आदल्या दिवशी धाकटीच्या लेकीचा फोन आला होता. "मावशी, ने तिला. मोकळी हवा लागू दे. पण नजरेआड करू नकोस ग."

"मी काय आज जन्मले?" थोरली म्हणाली होती.

२

धाकटीला तिनं पाच नंबर दिला. मुद्दाम. शेवटची पट्टी वाळूच्या उतारालगत जाते, तिथं काटे कमी, चालायला सोपं, आणि उजव्या हाताला समुद्र दिसतो. चौथ्या पट्टीत थोरली स्वतः. तिसरीत पोस्टमन, दुसरीत नर्सबाई, पहिलीत राखणदार.

ऊन स्वच्छ होतं. वारा होता, पण बेताचा. पहिली शिट्टी झाली.

"एक, एक घरटं!"

"दोन, काही नाही!"

"तीन, तीन घरटी, आणि एकीनं मला टोचलंय!"

"चार, काही नाही!" थोरली ओरडली आणि कान उजवीकडे लावून उभी राहिली. धाकटी तोंड उघडेल की नाही, हीच तिला धाकधूक.

"पाच," धाकटीचा बारीक आवाज आला. "काही नाही."

थोरलीच्या जिवात जीव आला. राखणदाराची शिट्टी वाजली. त्या शिट्टीच्या पोटात, अगदी खालून, अजून एक आवाज आला.

"सहा, काही नाही."

तिनं पाऊल उचललं. काहीतरी ऐकलं असेल. वारा आहे, काठ्या आहेत, साठी उलटलेले कान आहेत.

दुसऱ्या थांब्याला पुन्हा तेच झालं. या वेळी डावीकडून पोस्टमन ओरडला, "अहो, तुमच्याकडं सहावा कोण आलाय?"

"तुमचा सासरा!" थोरली ओरडली.

"मग जरा जपून, त्याला उधळायची सवय आहे!" पोस्टमन हसला. थोरली हसली नाही. याचा अर्थ एवढाच, की त्यालाही ऐकू आलं होतं.

तिसऱ्या थांब्याला तिनं श्वास रोखून धरला. धाकटीचं "पाच" आलं. शिट्टी जरा उशिरा वाजली. त्या मधल्या फटीत आवाज स्वच्छ आला. बाईचा आवाज. घाई नाही, थट्टा नाही. कामावरचं माणूस आकडा देतं तसा.

"सहा, काही नाही."

"अगं ए!" थोरलीनं हाक मारली. "सहा कोण म्हणालं?"

झुडपांपलीकडे धाकटीची चिंधी क्षणभर थांबली.

"शेजारची," धाकटी म्हणाली, आणि चिंधी पुढे सरकली.

३

मध्यावर टेहळणीची खोली आहे. लाकडी, एका खिडकीची. भिंतीला काठ्या अडकवायचे पाच खिळे, टेबलावर जुन्या मोजणीवाल्यांनी चाकूनं कोरलेली नावं, कोपऱ्यात काळी पडलेली किटली. तिथं अर्धा तास थांबायचं, चहा प्यायचा, बरोबर आणलेली पाव-अंडी खायची.

थोरली आत गेलीच नाही. काठी भिंतीला टेकवून ती आल्या वाटेनं मागे, शेवटच्या पट्टीवर गेली. वाळूत धाकटीच्या बुटांचे ठसे होते, शिवणीसारखे सरळ, एकाच मापाचे. त्यांच्या उजवीकडे उतार, उताराखाली किनारा, किनाऱ्यापलीकडे पाणी. तीस पावलांवर जिथं सहावी पट्टी पडली असती तिथं ती जाऊन उभी राहिली. वाऱ्यानं पाडलेल्या बारीक रेघा तेवढ्या होत्या. एकही मोडलेली नव्हती. खाली किनारा नजर पोचेपर्यंत रिकामा.

ती परत आली तेव्हा सगळे मग हातात धरून बसले होते.

"राखणदार, टोकाला अजून कुणी लावलंय का यंदा?"

"कुणाला लावणार? पाच माणसं जमवताना माझी फेफे उडाली."

"मग सहा कोण म्हणतंय?"

राखणदार पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं मान हलवली. "पाच ऐकू आलं की मी शिट्टी मारतो. पुढचं मला काही ऐकू येत नाही. तो वाळूचा उंचवटा आहे ना, बाई, तो आवाज परत फेकतो."

"पाच म्हटलं तर पाचच परत यायला हवं. तुमचा उंचवटा एक मिळवून देतो का?"

नर्सबाई खो खो हसल्या. पोस्टमन म्हणाला, "मला वाटलं धाकट्या ताईच गंमत करतायत. म्हटलं बरं झालं, हसायला लागल्या."

तेव्हा सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून अंडं खात होती. नीट सोलून, मीठ लावून, चवीनं. आठ महिन्यांत थोरलीनं तिला असं खाताना पाहिलं नव्हतं.

थोरली तिच्याजवळ जाऊन बसली. आवाज खाली आणला. "शेजारची म्हणालीस. तुला दिसली?"

"नाही ग. झुडपं आहेत ना."

"तुझ्या उजवीकडे झुडपं नाहीत. वाळू आहे."

धाकटीनं जरा विचार केला. "मग मी बघितलं नसेल," ती म्हणाली. "आवाज तुझ्यासारखाच आहे, ताई. पण मऊ."

थोरलीनं खिडकीबाहेरच्या वाळूकडे एकदा पाहिलं. पण ती काही दिवा दिसला की भूत म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिनं हिशोबानं विचार केला. अंड्यांच्या दिवसांत माळावरच्या पायवाटा बंद असतात. बाहेर पडायचा रस्ता एकच, मोजणीचाच, पुढे किनाऱ्यावरच्या फाटकापर्यंत. मागे जायला तेवढंच, पुढे जायला तेवढंच. आणि इथं आपण घाबरलो असं दाखवलं, तर आज कुठं अंडं खाणारी ही बाई उद्यापासून पुन्हा पडदे ओढून बसणार.

"आता पाचवर मी," ती उठून म्हणाली. "ही चारवर."

"मध्येच पट्ट्या बदलत नाहीत, बाई," राखणदार म्हणाला.

"मग आज बदलतात."

तिचा विचार साधा होता. जे काही आहे ते उजवीकडे आहे. त्याच्या आणि धाकटीच्या मध्ये मी उभी राहते. बघू कोण ओलांडून जातं.

४

शेवटच्या पट्टीवर उजवीकडे बघायला काहीच नव्हतं, आणि थोरली सारखी उजवीकडे बघत होती. वाळू, उतार, पाणी. डावीकडे झुडपांवरून धाकटीची चिंधी डुलत चालली होती.

शिट्टी.

एक आलं, दोन आलं, तीन आलं. "चार, एक घरटं!" धाकटी ओरडली. ओरडली, चक्क.

"पाच, काही नाही!"

आणि उजवीकडून, मोजून तीस पावलांवरून, उघड्या वाळूवरून:

"सहा, काही नाही."

थोरली तिकडेच बघत होती. तिथं कुणी नव्हतं. आवाज मात्र जिथून यायला हवा तिथूनच आला होता, शिकलेल्या मोजणीवाल्याला जमतं तितक्या अचूक अंतरावरून. आणि धाकटीचं म्हणणं खरं होतं. तो तिचाच आवाज होता. तिच्या आवाजातली धार काढून टाकली तर उरेल तो. असा आवाज आपल्याला होता हेही थोरलीला आठवत नव्हतं.

पुढच्या थांब्याला तो म्हणाला, "सहा, एक घरटं."

आपण घाबरलो म्हणून ती स्वतःवरच संतापली. शिवण पक्की आहे का हे कसं बघतात? ओढून. आकडा मोडून बघू. मी गप्प राहिले तर काय होईल? प्रतिध्वनी असेल, तर माझ्याबरोबर तोही गप्प. कुणी थट्टा करत असेल, तर "सहा" म्हणून फसेल. आणि काहीच आलं नाही तर नियमच आहे, ओळ थांबेल, चौघं धावत येतील, आणि मग सगळ्यांच्या देखत काय तो निकाल लागेल.

वीस वर्षं नियम पाळलेल्या बाईलाच असलं सुचावं. दुसरं कुणी असतं तर काठी टाकून बहिणीकडे पळालं असतं.

शिट्टी. एक. दोन. तीन.

"चार, काही नाही!"

थोरलीनं ओठ घट्ट मिटले.

माळ गप्प झाला. पक्षीसुद्धा. तिनं मनात मोजलं, एक श्वास, दोन श्वास. डावीकडे चिंध्या थांबलेल्या होत्या. आता राखणदार हाक मारेल. आता मारेल.

"पाच," उजवीकडून आवाज आला. "काही नाही."

आणि शिट्टी वाजली. चालायची.

"नाही!" थोरली ओरडली. "पाच मी! पाच मी आहे!"

दुरून पोस्टमनचा आवाज आला. "ऐकलं हो, पाच! दोनदा कशाला?"

चारही चिंध्या पुढे निघाल्या. नियमाप्रमाणे कुणालाच थांबायचं कारण नव्हतं. सगळे आकडे आले होते.

५

ती झुडपांत घुसली.

काट्यांनी बाह्या फाडल्या, गाल ओरबाडले. तीस पावलं, तीसच तर पावलं, पण झुडपं अशी दाट की तिला दर पावलाला वाट शोधावी लागत होती आणि पांढरी चिंधी तेवढ्याच अंतरावर पुढे राहत होती. ती हाक मारत होती. धाकटीला ऐकू जात नव्हतं, कारण धाकटी बोलत होती.

दिवसाला चार शब्द बोलणारी बाई भरभरून बोलत होती. मध्येच थांबायची, तेव्हा दुसरा आवाज बोलायचा, हळू, थोरलीच्या गळ्यानं, शब्द कळू नयेत इतका हळू. मग धाकटी हसायची. लग्नाआधी हसायची तशी.

एका ठिकाणी झुडपं विरळ झाली आणि थोरलीला ती पाठमोरी दिसली. दहा पावलांवर. एका हातात काठी. दुसरा हात कोपरात दुमडलेला, अंगापासून जरा दूर. तिच्या शेजारी वाळूची मोकळी वाट होती, ऊन पडलेली, रिकामी.

थोरलीनं चाळीस वर्षं कापड हाताळलं होतं. कापडाला उगाच घडी पडत नाही. धाकटीची ती बाही दंडाशी आवळलेली होती, आणि आवळलेल्या जागी चार घड्या पडल्या होत्या, शेजारी शेजारी, बोटांच्या जाडीच्या. चालता चालता पाचवी उमटली. अंगठ्याची.

मग झुडपं पुन्हा मिटली.

६

ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा बाकीची तिघं फाटकापाशी उभी होती. राखणदार कागदावर काहीतरी लिहीत होता. नर्सबाई बुटांतली वाळू झटकत होत्या. धाकटी एकटी, पाण्याच्या बाजूला जरा दूर, वाऱ्यात केस सोडून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"ताई, तुझे गाल!" ती म्हणाली. "आत्ता तर नव्हतं काही."

"आत्ता म्हणजे कधी?"

"आत्ता ग, बरोबर चालत होतीस तेव्हा." तिनं थोरलीच्या गालावरचं रक्त पदरानं टिपलं. "किती बोललीस आज. जन्मात बोलली नव्हतीस इतकं."

थोरलीनं तिचा हात बाजूला केला. "काय बोलले मी?"

"आता ते परत ऐकवू होय?" धाकटी लाजल्यासारखी हसली. "पुलावरचं. भीतीनं हात उठला म्हणालीस. नंतर रात्रभर उंबऱ्याशी बसून होतीस म्हणालीस. चुकलं माझं, म्हणालीस."

उंबऱ्याशी बसली होती हे खरं होतं. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. देवालासुद्धा नाही.

क्षणभर थोरलीला वाटलं, म्हणून टाकावं, ती मी नव्हते. पण समोर हा चेहरा होता. आठ महिने ज्यासाठी तिनं जिवाचं रान केलं तो हा चेहरा. माझेच शब्द आहेत ना, तिनं स्वतःला समजावलं. मग घेतले माझ्या नावावर तर बिघडलं कुठं?

"हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले."

"आणि उद्याचंही?"

"उद्याचं काय?"

"ओहोटीला यायचं. मी एकटीनं. लेकीला न सांगता." धाकटी पाण्याकडे बघत होती. "तू पलीकडे थांबते म्हणालीस."

"नाही!" थोरली ओरडली, इतक्या जोरात की नर्सबाई वळून बघायला लागल्या. "ते मी नाही म्हणाले. ऐकतेस? ते मी म्हणाले नाही!"

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "म्हणजे ते पुलावरचंही नाही," ती म्हणाली. नेहमीच्या, चार शब्दांच्या आवाजात.

मग थोरलीनं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांसमोर, भर उन्हात, तिनं बहिणीचे दोन्ही खांदे धरले. "चुकलं माझं," ती म्हणाली. आवाज घोगरा आला, खरखरीत आला, अर्धा भांडल्यासारखा आला. तिला दुसरा येतच नव्हता. "त्या दिवशी मारायला नको होतं. चुकलं. हे मी म्हणतेय. मी."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. पोराचं वेडंवाकडं चित्र बघावं तशी, मायेनं.

"मघाशी किती छान म्हणाली होतीस," ती म्हणाली.

राखणदारानं शिट्टी मारली. फाटक उघडायच्या आधी शेवटची हजेरी असते. "एक!" तो स्वतःच म्हणाला.

"दोन!"

"तीन, आणि भूक लागलीय!"

"चार," धाकटी म्हणाली.

थोरलीनं तोंड उघडलं.

"पाच," तिच्या मागून, पाण्याच्या बाजूनं, मऊ आवाज आला.

"झालं, सगळे आले," राखणदार म्हणाला आणि कागदाची घडी घालून फाटकाकडे वळला. पोस्टमन आणि नर्सबाई त्याच्यामागून निघाले. धाकटी मात्र वळून बघत होती. थोरलीच्या खांद्यावरून, मागे. आणि हसत होती.

थोरलीनं मागे पाहिलं नाही. तिनं धाकटीचं मनगट पकडलं, दोन्ही हातांनी, आणि फाटकाच्या दिशेनं ओढायला लागली. पंचवीस पावलं होती. धाकटी विरोध करत नव्हती. पाय टाकत होती, येत होती. पण अडखळत येत होती, तिरकी, दर पावलाला मागे खेचली जाऊन, जशी एखादी पोर येते, जिचा दुसरा हात दुसऱ्या कुणीतरी धरलेला असतो, आणि त्याला मुळीच घाई नसते.